व्हेटर्नरीला अर्ज करायच्या आधी आपलं राज्य बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या शिक्षणाच्या पानावर अमेरिकेबद्दल बरंच येतं, एमएस, डेटा सायन्स, व्हिसा, एज्युकेशन लोन, मी ते इथे न्यू जर्सीत एडिसनला बसून वाचते आणि साताऱ्याकडच्या भाचरांना पाठवते पण. व्हेटर्नरीबद्दल मात्र, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकीबद्दल, कधी काही आलेलं बघितलं नाही. आणि इथल्या मराठी घरांत आता त्या वाटेने जाणारी मुलं दिसायला लागलीत. माझी मुलगी त्यातलीच, रटगर्स युनिव्हर्सिटीत अ‍ॅनिमल सायन्स केलं आणि २०२६ च्या ऑगस्टमध्ये तिचं व्हेट स्कूल सुरू होतंय, न्यू जर्सीच्या बाहेर. ह्या सगळ्या काळात जे कळत गेलं ते मराठीत एका जागी कुठे मिळालं नाही, इंग्लिशमध्येही तुकड्यातुकड्यानेच मिळालं, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलंय, जागेअभावी कापावं लागलं तर कापा पण फी आणि कर्जाचा भाग तेवढा ठेवा ही विनंती.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे की इथे व्हेटर्नरीला अर्ज करताना मुलाचे मार्क, अनुभव, शिफारसपत्रं हे सगळं जेवढं महत्त्वाचं तेवढंच महत्त्वाचं आहे तुमचं घर कुठल्या राज्यात आहे. आणि हे घरातल्या मोठ्यांना मूल अर्ज भरायला बसायच्या आधी कळायला हवं, अ‍ॅडमिशन मिळाल्यावर फीचं पत्रक हातात आल्यावर नाही.

तिकडच्या वाचकांसाठी आधी रचना सांगते. इथे बारावीनंतर थेट व्हेटर्नरी नसते. आधी सहसा चार वर्षांची डिग्री, त्यात बायोलॉजी, ऑरगॅनिक केमिस्ट्री, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिक्स, स्टॅटिस्टिक्स असे विषय झालेले हवेत, आणि मग चार वर्षांचं डीव्हीएम, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरची डिग्री. मेडिकलची कॉलेजं देशात दीडशेच्या वर आहेत, व्हेटर्नरीची पस्तीसच्या आसपास. राज्यं पन्नास. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास, टेनेसी, अलाबामा अशा राज्यांत दोन-दोन आहेत म्हणजे बाकी कितीतरी राज्यांत एकही नाही हे उघडच आहे. आणि बहुतेक जुनी कॉलेजं ही त्या-त्या राज्याच्या सरकारी विद्यापीठाची, राज्याच्या करदात्यांच्या पैशावर चालणारी. मग त्या राज्याचं म्हणणं असतं की आमच्या पैशाने आमच्या मुलांना शिकवा, ती मुलं उद्या आमच्याच गोठ्यात येतील. मला ह्यात काही चूक दिसत नाही. आयोवाच्या शेतकऱ्याला त्याच्या डुकरांसाठी डॉक्टर हवा असतो, त्याने न्यू जर्सीच्या मुलीची फी का भरावी. आपल्याकडे पण हेच आहे की, परळ, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या जागा मुख्यतः महाराष्ट्राच्या डोमिसाईलवाल्यांना आणि बाहेरच्यांसाठी व्हेटर्नरी कौन्सिलच्या १५ टक्के ऑल इंडिया कोट्यातून वाट. फरक एवढाच की इथे बाहेरच्या मुलाला जागा पण कमी आणि फी पण वेगळी, कुठे कुठे दुपटीच्या आसपास.

आता आमच्या न्यू जर्सीचं बघा. एवढं दाट वस्तीचं राज्य, दर दोन घरांआड कुत्रं, पण २०२५ पर्यंत इथे व्हेटर्नरी कॉलेजच नव्हतं. म्हणजे आमचं मूल कुठेही गेलं तरी बाहेरचंच. नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनियात फिलाडेल्फियाला पेन व्हेट हे कॉलेज, १८८४ पासूनचं, अंतराने इतकं जवळ की रोज जाऊन येऊन करता येईल, पण फीची सवलत पेनसिल्व्हेनियाच्या मुलाला. वर इथाकाला कॉर्नेल, १८९४ चं, तिथे न्यूयॉर्कच्या मुलाची फी वेगळी आणि आमची वेगळी. आता २०२५ मध्ये दक्षिण जर्सीत रोवन युनिव्हर्सिटीचं श्रायबर स्कूल ऑफ व्हेटर्नरी मेडिसिन सुरू झालं, पहिली बॅच बसली. राज्याने साडेसात कोटी डॉलर दिले आणि प्रेट्झेलच्या धंद्यातल्या जेराल्ड श्रायबर ह्यांनी तीन कोटी डॉलरची देणगी दिली. मला ह्या गोष्टीचा फार आनंद आहे. आमच्या राज्यातल्या मुलांना पहिल्यांदाच घरचं म्हणता येईल असं एक कॉलेज मिळालं. नवीन कॉलेजला पूर्ण मान्यता पहिली बॅच पास होईपर्यंत मिळत नाही, टप्प्याटप्प्याने मिळते, ही नेहमीची पद्धत आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण विचारून घ्यावं. तरी एका कॉलेजात किती मुलं मावणार, बाकीच्यांना बाहेर जावंच लागणार.

तर बाहेरचे म्हणून अर्ज करायचा तर पहिला प्रश्न हा की त्या कॉलेजात बाहेरच्यांसाठी जागा किती. हे आकडे कॉलेज स्वतः देतं, शोधले तर मिळतात, आणि कॉलेजागणिक फार वेगळे असतात. टेक्सास ए अँड एम, नॉर्थ कॅरोलिना स्टेट अशा ठिकाणी बहुतेक जागा तिथल्याच मुलांना. ऑबर्नला तर गंमतच, म्हणजे कॉलेज अलाबामात पण केंटकीमध्ये व्हेटर्नरी कॉलेज नाही म्हणून केंटकी सरकारने करार करून तिथे दरवर्षी ३८ जागा घेऊन ठेवल्यात आणि केंटकीचं मूल तिथे घरच्या फीत शिकतं. साउथ कॅरोलिनाने असाच करार जॉर्जियाशी केला होता. नेब्रास्काची मुलं पहिली दोन वर्षं लिंकनला आपल्याच राज्यात आणि पुढची दोन आयोवा स्टेटला. मेरीलँडचं मूल व्हर्जिनियात ब्लॅक्सबर्गला गेलं तरी घरचंच धरतात कारण ते कॉलेजच दोन्ही राज्यांचं मिळून आहे. पश्चिमेकडे विची नावाची व्यवस्था आहे, वायोमिंग, न्यू मेक्सिको, हवाई अशी कॉलेज नसलेली राज्यं आपल्या मुलांच्या फीचा काही भाग भरतात, आणि काही राज्यं बदल्यात अट घालतात की शिकून परत ये आणि इथे काम कर. हे मी मुद्दाम विस्ताराने लिहितेय कारण मराठी लोक आता फक्त जर्सी आणि बे एरियात राहिलेले नाहीत, नेब्रास्कात ओमाहाला आहेत, केंटकीत लुईव्हिलला आहेत, साउथ कॅरोलिनात कोलंबियाला आहेत, आणि ह्यातल्या कितीजणांना माहीत असेल की आपल्या राज्याने दुसऱ्या राज्यात आपल्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्यात? नोकरीसाठी राज्य बदलायची वेळ आली आणि घरात अकरावी-बारावीतलं मूल व्हेटर्नरी म्हणत असेल तर घर घेताना शाळेचं रेटिंग बघतो तसं हे पण बघायला हवं, हे माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, की पहिल्या वर्षानंतर त्या राज्याचं रहिवासी होता येतं का. बऱ्याच राज्यांचा नियम असा की तू शिकायला आलास म्हणजे तू बाहेरचाच, चारही वर्षं बाहेरची फी. पण मिझुरी आणि ओहायो स्टेट ही दोन नावं व्हेटर्नरीतली सगळी मुलं घेतात, कारण तिथे पहिलं वर्ष बाहेरची फी भरून नीट कागदपत्रं केली की दुसऱ्या वर्षापासून रहिवाशाची फी लागू शकते. हिशोब करून बघा. समजा बाहेरची फी वर्षाला ६० हजार डॉलर आणि घरची ३५ हजार. चारही वर्षं बाहेरचं राहिलं तर नुसती फी २ लाख ४० हजार, पहिल्या वर्षानंतर रहिवासी झालं तर १ लाख ६५ हजार. ७५ हजार डॉलरचा फरक, तीच डिग्री, तीच लायसन्सची परीक्षा.

पण हे आपोआप होत नाही. मुलाला पहिल्या दिवसापासून तयारी करावी लागते, घराचा भाडेकरार स्वतःच्या नावाने, तिथलं ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन तिथलं, मतदार यादीत नाव, तिथला टॅक्स रिटर्न, बारा महिने सलग तिथलं वास्तव्य, आणि स्वतःचा खर्च स्वतः करतो हे दाखवायचं. म्हणजे आईवडिलांनी टॅक्समध्ये मुलाला डिपेंडंट दाखवायचं नाही. आपल्या लोकांना हे पचत नाही, मूल २३ वर्षांचं झालं तरी आपल्याच रिटर्नमध्ये आणि आपल्याच सेलफोन प्लॅनवर. सेलफोनचं ठीक आहे, टॅक्सचं नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे आणि ते बदलतात, म्हणून ऑफर आल्यावर कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसला, म्हणजे रहिवासी कोण ते ठरवणाऱ्या ऑफिसला, ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. कुणीतरी सांगितलं, ग्रुपवर आलं, ह्याच्यावर एवढ्या पैशाचा निर्णय करायचा नसतो.

सरकारी सोडून दुसऱ्या प्रकारची कॉलेजं म्हणजे प्रायव्हेट, वेस्टर्न युनिव्हर्सिटी पोमोनाला, मिडवेस्टर्न अ‍ॅरिझोनात, लिंकन मेमोरियल टेनेसीत, लाँग आयलंड युनिव्हर्सिटी न्यूयॉर्कला. इथे सगळ्यांना साधारण एकच फी, त्यामुळे बाहेरच्याला वेगळा फटका नाही आणि जागा पण खुल्या, पण ती एकच फी मोठी आहे. मग कॅरिबियन, सेंट किट्सचं रॉस आणि ग्रेनाडाचं सेंट जॉर्जेस, दोन्हींना इथल्या व्हेटर्नरी संघटनेची मान्यता आहे. आणि एडिंबरा, ग्लासगो, लंडनचं रॉयल व्हेटर्नरी कॉलेज, डब्लिन, मेलबर्न, न्यूझीलंडचं मॅसी ह्यांना पण आहे, हे कितीतरी लोकांना माहीत नसतं. जिथे कुठे घराबाहेर जायचंच आहे आणि बाहेरची फी भरायचीच आहे तिथे एडिंबरा पण यादीत ठेवून बघायला काय हरकत आहे.

आता कर्ज. इथे मला संपादकांना आणि वाचकांना हात जोडून सांगायचंय की हे नीट वाचा, कारण नियम बदललेत. आजपर्यंत असं होतं की अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवालं मूल व्हेट स्कूलला गेलं की सरकारी कर्ज जेवढा खर्च तेवढं मिळायचं, ग्रॅड प्लस नावाचं कर्ज वरची सगळी गॅप भरून काढायचं. ४ जुलै २०२५ ला जो मोठा कायदा सही झाला त्यात ते बंद केलंय. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांना ग्रॅड प्लस नाही, आणि व्हेटर्नरीसारख्या प्रोफेशनल डिग्रीला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढीच मर्यादा. माझ्या मुलीची बॅच ही त्याखाली सुरू होणारी पहिली बॅच.

परत वरचाच हिशोब घ्या. ६० हजार फी, २५ हजार राहण्याखाण्याचे, पुस्तकं, विमा, गाडी, म्हणजे वर्षाला ८५. सरकार देणार ५०. उरलेले ३५ हजार दरवर्षी कुठून आणायचे? चार वर्षांचे १ लाख ४० हजार. बापाच्या खिशातून, नाहीतर प्रायव्हेट बँकेकडून, जिथे व्याज जास्त आणि सही आईवडिलांची लागते. एकूण खर्च धरला तर ३ लाख ४० हजार, रुपयात तीन कोटींच्या घरात. आणि प्राण्यांच्या डॉक्टरची कमाई माणसांच्या डॉक्टरसारखी नसते हे सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीचा पगार चांगला असतो, पण हृदयाच्या सर्जनचा पगार डोक्यात ठेवून व्हेटर्नरीचं कर्ज काढू नये. ज्याला खेड्यात, मोठ्या जनावरांचं काम करायचंय त्याच्यासाठी केंद्राच्या कृषी खात्याची एक योजना आहे, डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की ते कर्जाचा मोठा भाग फेडतात. पण जागा मोजक्या, त्यावर भिस्त ठेवून चालणार नाही.

म्हणून माझं मत आहे की ज्या मुलाला ऑफर एकच मिळालीय आणि ती सगळ्यात महागड्या बाहेरच्या कॉलेजची आहे त्याने त्या आनंदात लगेच डिपॉझिट भरू नये. १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला वेळ असतो. घरात बसून चार वर्षांचा कागद मांडा. जमत नसेल तर एक वर्ष थांबायला काही हरकत नाही, त्या वर्षात क्लिनिकमध्ये टेक्निशियन म्हणून काम करा, अनुभव वाढतो, अर्ज सुधारतो, आणि पुढच्या वेळी फीचा विचार करून कॉलेजं निवडता येतात. एका नावाजलेल्या अ‍ॅडमिशन कन्सल्टंटने आम्हाला सांगितलं होतं की नाव मोठं असेल तर फी बघू नका, ब्रँड कामाला येतो. मी त्याच्याशी अजिबात सहमत नाही. इथे लायसन्सची परीक्षा सगळ्यांना एकच, नॅव्हली, आणि एडिसनच्या क्लिनिकमध्ये मांजर घेऊन आलेली बाई डॉक्टर कुठल्या कॉलेजचा ते विचारत नाही. स्पेशालिस्ट व्हायचं असेल, त्यासाठीचं पुढचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी करायची असेल तर थोडा फरक पडत असेल, पण तो सव्वा लाख डॉलरचा नक्कीच नाही.

अर्जाचं थोडक्यात सांगते. बहुतेक कॉलेजांना एकच सामायिक अर्ज, व्हीएमकॅस, जानेवारीत उघडतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरता येतो. पहिल्या कॉलेजला दोनशे डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला शंभरच्या वर, शिवाय काही कॉलेजांचा स्वतःचा वेगळा फॉर्म आणि वेगळी फी. म्हणून दहा-पंधरा ठिकाणी डोळे मिटून टाकण्यापेक्षा जिथे बाहेरच्याला खरोखर जागा आहे अशी सहा-सात नीट निवडावी. शिफारसपत्रं किमान तीन, त्यात एक तरी व्हेटर्नरी डॉक्टरचं. जीआरई ही प्रवेश परीक्षा बहुतेकांनी काढून टाकलीय. अनुभवाचे तास दोन खात्यांत मोजतात, डॉक्टरच्या हाताखाली केलेलं काम ते व्हेटर्नरी अनुभव, आणि शेल्टरमध्ये कुत्री फिरवली किंवा तबेल्यात घोड्यांची देखभाल केली तो प्राण्यांचा अनुभव, ही दोन खाती एकत्र करू नका. आणि नुसतं कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातलं काम दाखवून बाहेरच्या मुलाचं भागत नाही. आयोवा, कॅन्सस, मिझुरी इथल्या लोकांना बघायचं असतं की ही शहरातली पोरगी गाईच्या जवळ गेलीय का. माझ्या मुलीने डेअरीवर काम केलं, पहाटे दूध काढायला जायची, आणि सुट्टीत गावाला गेली तेव्हा माझ्या काकांबरोबर फिरली. काका पशुधन पर्यवेक्षक होते, आता रिटायर आहेत, पण गावातले लोक अजून त्यांनाच बोलावतात, खिल्लार खोंडाला कसं आवळायचं, गाभण म्हशीची पिशवी फिरली तर काय करायचं, हे तिने त्यांच्याकडून बघितलं आणि अर्जात लिहिलं. मुलाखतीत त्यावरच सगळ्यात जास्त प्रश्न आले. आपल्या मुलांकडे गावाकडे ही एवढी शाळा आहे तर ती वापरा, सुट्टीत नुसतं मॉलमध्ये फिरवून आणू नका. फक्त तास आणि तारखा लिहून ठेवा आणि ज्याच्या हाताखाली केलं त्याचा संपर्क ठेवा.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातंय ते. आमच्या ओळखीतला एक मुलगा आहे, चार वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इथे आला, वडील एच-वनबीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, हा एच-फोरवर, म्हणजे त्यांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर. ग्रीन कार्डचा अर्ज कधीचा मंजूर आहे पण भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब की नंबर लागत नाही. शाळा इथली, मित्र इथले, शेल्टरमध्ये शाळेत असल्यापासून काम करतो, जखमी घार सापडली तर लोक त्याला फोन करतात. २१ वर्षं पूर्ण झाली की एच-फोर संपतं. आणि व्हेट स्कूल सुरू व्हायचं वय काय, तर साधारण २२. म्हणजे जो मुलगा रांगेत अडकलाय तो व्हेटर्नरीला अर्ज करेपर्यंत जवळजवळ ठरलेलंच असतं की तो स्टुडंट व्हिसावर गेलेला असेल, कागदावर परदेशी. मग ज्या राज्यात तो वाढला तिथे पण बऱ्याच ठिकाणी त्याला रहिवासी धरत नाहीत. काही सरकारी कॉलेजं परदेशी नागरिकांचा अर्जच घेत नाहीत. सरकारी कर्ज त्याला शून्य, ५० हजाराची मर्यादा पण त्याच्यासाठी नाही, कारण ते कर्जच नाही. मिझुरी-ओहायोची रहिवासी व्हायची वाट पण स्टुडंट व्हिसावर सहसा बंद. प्रायव्हेट बँकेला सहसा सही करायला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला माणूस लागतो आणि त्याचे आईवडील दोन्हीही नाहीत.

ह्या मुलाच्या बाबतीत मी काय सल्ला देऊ ते मला माहीत आहे आणि तो गोड नाही. कॉलेजं निवडताना परदेशी विद्यार्थी घेतात तीच बघायची, लेखी विचारून. वयाच्या १९-२० व्या वर्षीच इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलायचं, कारण ग्रीन कार्डच्या अर्जात मुलाचं वय मोजायची एक वेगळी पद्धत आहे, त्यात काही महिने वजा होतात आणि काही मुलं त्यात वाचतात. आणि कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली मान्यताप्राप्त कॉलेजं यादीत पहिल्यापासून ठेवायची, शेवटचा पर्याय म्हणून नाही. इतक्या लायक मुलाला एवढ्या दारांवर थांबावं लागतं ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि मराठी मंडळांच्या कार्यक्रमांत ह्यावर कुणी जाहीर बोलत नाही ह्याचं जास्त वाईट वाटतं.

भारतातले नातेवाईक लगेच म्हणतात की मग त्याला इकडे पाठवा, बीव्हीएससी स्वस्तात होईल आणि मग परत या. मुंबईचं व्हेटर्नरी कॉलेज १८८६ चं आहे, तिथून किती मोठे डॉक्टर निघाले, शिक्षणाच्या दर्जाबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आपल्या भारतातल्या कॉलेजांना इथली मान्यता नाही, त्यामुळे परत येऊन इथे प्रॅक्टिस करायची तर ईसीएफव्हीजीसारख्या, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या कार्यक्रमातून जावं लागतं, आधी मोठी लेखी परीक्षा आणि मग काही दिवस चालणारी प्रात्यक्षिक परीक्षा, भूल, सर्जरी, घोडा, गाय, शवविच्छेदन सगळं, खर्च पण भरपूर, आणि वर नॅव्हली आहेच. पुष्कळ भारतीय डॉक्टर हे करतात, मेहनतीने करतात, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. पण हा सोपा किंवा स्वस्त रस्ता आहे असं सांगून मुलाला पाठवू नका, आणि बीव्हीएससी साडेपाच वर्षांची असते इंटर्नशिप धरून, ती वर्षं पण मोजा.

आणि एक गोष्ट, ही मला बोलायचीच आहे. मुलीने व्हेटर्नरी ठरवली तेव्हा आमच्यातले किती लोक म्हणाले की एवढे मार्क आहेत तर खऱ्या डॉक्टरकीला का नाही. तोंडावर म्हणाले, तिच्या समोर. ज्या माणसाच्या घरचं दूध, अंडी, मटण खाण्यालायक आहे की नाही हे कुणीतरी व्हेटर्नरी डॉक्टर बघत असतो, ज्या माणसाने बर्ड फ्लूची बातमी वाचलीय, रेबीजची भीती माहीत आहे, त्याने असं म्हणावं? महाराष्ट्रात तर लम्पीच्या साथीत गावोगाव ज्यांनी लसीकरण केलं ते कोण होते? आमच्या घरी गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाला पहिला चहा मिळायचा. मुलांना पैशाची अडचण समजावून सांगा, नियम समजावून सांगा, पण त्यांच्या कामाला कमी लेखू नका.

माझ्या दोन मागण्या आहेत. एक इथल्या मंडळांना, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात बिझनेस आणि आयटीची सत्रं असतात तसं एक सत्र ह्या मुलांसाठी ठेवा, इथे प्रॅक्टिस करणारे मराठी व्हेटर्नरी डॉक्टर आहेत, त्यांना बोलवा, आणि व्हिसावर अडकलेल्या मुलांसाठी कर्जावर सही करणारा किंवा थोडी बिनव्याजी मदत करणारा एक फंड उभा करता येतो का ते बघा. देऊळ बांधायला आपण पैसे जमवतोच.

दुसरी तुम्हाला, संपादकसाहेब. परळ-नागपूरहून शिकून ईसीएफव्हीजी करून इथे आलेले आणि इथेच डीव्हीएम केलेले, अशा दोन्ही वाटांच्या डॉक्टरांना लिहितं करा, शिक्षणाच्या पानावर. आणि हे पत्र छापणार असाल तर जरा लवकर छापा, व्हीएमकॅस जानेवारीतच उघडलंय, मुलं मे-जूनमध्ये कॉलेजांची यादी पक्की करतात, एकदा यादी पक्की झाली की मग वाचून उपयोग नाही.

आपली नम्र,
एक आई,
एडिसन, न्यू जर्सी